शेजारचा बाजार आणि माळव्याचे सोयाबीन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी मला अंकगणित शिकवले. उत्तर बरोबर आले तरी रीत लिहिलेली नसेल, तर ते निम्मे गुण कापत. ‘उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवरूनही येते, रीत दाखव,’ असे ते म्हणत. त्यांचा हा विद्यार्थी पुढे इंदूरच्या छावणी मंडीत तेलबियांच्या व्यापारात पडला. म्हणून आज दक्षिण आशियाई देशांच्या आपसांतील व्यापाराविषयी मी अर्थशास्त्रज्ञाच्या अधिकाराने नव्हे, तर व्यापाऱ्याच्या अनुभवाने बोलणार आहे.

८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे सात देशांनी सार्क ही संघटना स्थापन केली. २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला. १९९५ च्या अखेरीस साप्टा हा सवलतीच्या व्यापाराचा करार अमलात आला, आणि १ जानेवारी २००६ पासून साफ्टा, म्हणजे मुक्त व्यापार क्षेत्राचा करार. तरीही या देशांच्या एकूण व्यापारापैकी आपसांतील व्यापार सुमारे ५ टक्केच भरतो. राजकारणातील कटुता, सीमेवर दिवसचे दिवस अडकणारे ट्रक आणि प्रत्येक देशाने सवलतीतून वगळलेल्या मालाच्या लांबलचक याद्या, ही त्याची ठळक कारणे.

या व्यवहारात माळव्याचे काय गुंतले आहे? आपल्या काळ्या जमिनीत पूर्वी पावसाळ्यात पुष्कळ शेते पड ठेवून रब्बीत गहू-हरभरा घेत. १९७० च्या दशकापासून सोयाबीनने ती पड भरून काढली. प्रक्रिया करणाऱ्या कारखानदारांची देशव्यापी संघटना आणि सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच उभे राहिले. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम १८ किलो. उरते ती पेंड. ही पेंड बांगलादेश आणि नेपाळमधील कुक्कुटपालनासाठी जाते. तेव्हा शेजाऱ्याचा बाजार मोकळा असणे हे आपल्या शेतकऱ्याच्या हिताचेच आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

आता दुसरी बाजू. सार्कमधील अल्पविकसित देशांना भारताने २०११ मध्ये मद्य व तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून बाकी सर्व मालावर शुल्कमाफी दिली. थोरल्या भावाने धाकट्यासाठी हात सैल सोडावा, हे योग्यच झाले. परंतु सवलत मिळण्यासाठी माल त्या देशाचा असावा लागतो. अल्पविकसित देशांसाठी सर्वसाधारण नियम असा, की मालाच्या किमतीत किमान ३० टक्के भर तेथे पडावी आणि सीमाशुल्काच्या यादीतील त्याचे चार अंकी शीर्षक बदलावे. बाहेरचे सोयाबीन आणून तेथे गाळले, तर शीर्षक बदलते. मात्र कच्चे सोयातेल आणि शुद्ध सोयातेल, दोन्ही १५०७ या एकाच शीर्षकात येतात.

आता तेलाचा प्रवास पाहा. दक्षिण अमेरिकेतील कच्चे तेल आपल्याच बंगालमधील बंदरात उतरते, आपल्याच भूमीवरून वीरगंज किंवा विराटनगरला जाते, तेथे शुद्ध होते आणि शुल्कमुक्त होऊन पुन्हा आपल्याकडे येते. भारताचे शुल्क जितके जास्त, तितका या फेऱ्यातला नफा जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली घसरला, तेव्हा सरकारने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर आणि शुद्ध तेलावरील १२.५ वरून ३२.५ टक्क्यांवर नेले. शेतकऱ्यासाठी बांधलेल्या या भिंतीला शेजारच्या अंगणातून वाट राहिली. नेपाळमध्ये सोयाबीनची लागवड अल्प असूनही २०२४-२५ च्या त्याच्या निर्यातीत सोयातेल पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

हे सांगताना शेजाऱ्याकडे बोट दाखवून मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. हाच खेळ पूर्वी वनस्पती तुपाच्या बाबतीत झाला होता. १९९६ च्या भारत-नेपाळ व्यापार करारानंतर नेपाळी वनस्पतीचा ओघ इतका वाढला, की २००२ मध्ये त्यावर वर्षाला १ लाख टनांची मर्यादा घालावी लागली. त्या मधल्या काळात मीही असे तूप घेतले होते. कागदपत्रे चोख होती, भाव स्वस्त होता. त्यात कोणाचे पामतेल आहे, तेथे त्याचे नेमके काय झाले, हे मी विचारले नाही. त्याच हंगामात सांवेरकडचा एक ओळखीचा शेतकरी माझ्या पेढीवर आला आणि ‘भाव का पडला?’ म्हणून त्याने विचारले. मी त्याला शिकागोचा बाजार समजावून सांगितला. सांगितले त्यात खोटे काही नव्हते. पण माझ्या गोदामातल्या डब्यांविषयी मी अवाक्षर काढले नाही. एका व्यापाऱ्याच्या खरेदीने भाव पडत नाही हे खरे, पण माझ्यासारखे पुष्कळ होते. ते मौन आजही मला बोचते.

२१ सप्टेंबर २०२० पासून भारतात नवे नियम लागू झाले. त्यांनुसार सवलतीत माल आणणाऱ्या आयातदाराने केवळ मूळ देशाचा दाखला दाखवून भागत नाही. तो माल त्या देशाचा कसा ठरला, किती भर तेथे पडली, याची माहिती त्याने स्वतःजवळ बाळगावी लागते. हे नियम मी प्रथम वाचले, तेव्हा मला गुरुजींची पाटी आठवली. आपण दाखला पाहतो ते उत्तर. सरकार आता रीत मागते आहे.

सीमा बंद करा, असे मी म्हणणार नाही. उद्या ढाक्याने किंवा काठमांडूने आपली पेंड नाकारली, तर सांवेरच्या त्याच शेतकऱ्याचे नुकसान होईल. सवलत शेजाऱ्याच्या शेताला आणि कारखान्यातल्या मजुराला मिळावी. तिसऱ्याच देशाच्या तेलाला केवळ वाटेत मुक्काम केला म्हणून मिळू नये. ही तपासणी सीमेवरील अधिकारी एकटा करू शकणार नाही. ती माल घेणाऱ्याच्या पेढीवर सुरू झाली पाहिजे.

या शाळेतून शिकलेले कित्येक जण आज व्यापारात आणि कारखानदारीत आहेत. स्वस्त मालाचा सौदा समोर येईल, तेव्हा एवढा एक प्रश्न त्यांनी विचारावा. मी तो वेळेवर विचारला नाही, म्हणून आज येथे उभा राहून सांगतो आहे.