दहा सेकंद स्वस्थ बसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या मागच्या खोलीतून आम्ही काळी बोटे घेऊन बाहेर येतो, तेव्हा पुष्कळजणी हसतात. ती बोटे सिल्व्हर नायट्रेटची. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या रीतीने आम्ही ओल्या काचेवर फोटो काढतो व शिकवतो. काचेवर कलोडियन ओतायचे, लाल दिव्यात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीनेक मिनिटे ठेवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा, हिराकशीच्या पाण्याने चित्र उठवायचे, हायपोने पक्के करायचे. वैशाखात काच भराभर सुकते, मग सारे फुकट. कलोडियनमध्ये ईथर असते, म्हणून खोलीत निरांजनसुद्धा नको. डोळ्यांना चष्मा हवाच. या काचेला लाल रंग दिसत नाही. कुंकू काळे येते. निळी साडी मात्र पांढरी!

आपला बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. घाटाच्या कामाची छायाचित्रेही त्यांच्या नावावर आहेत. हजारो माणसे तेथे राबली. पण त्या काळच्या फोटोला काही सेकंद लागत. स्थिर उभा राहिला तो उमटला. पाटी घेऊन चालत राहिली तिचा नुसता धूर.

आमच्या सासूबाईंचे तसेच झाले. घरच्या लग्नांच्या फोटोंत त्या कुठेच नाहीत. त्या वेळी त्या वाढत होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांना खोलीत बसवले. "दहा सेकंद हलू नका," म्हटले. मध्येच गाडीची शिटी झाली. "अगबाई, चहा राहिला," म्हणून त्यांनी मान वळवली. काचेवर मांडीवरचे हात स्वच्छ आले, तोंड पुसले गेले. पुन्हा घेऊ म्हणता म्हणता पावसाळा लागला, आणि आश्विनात त्या गेल्या. त्या हातांच्या काचेला मी रोगण दिले व मागे त्यांचे नाव लिहिले.

म्हणून शिकायला येणाऱ्या मुलींना पहिला धडा हाच, की समोर बसलेलीचे नाव आधी विचारायचे आणि लिहायचे. भगिनींनो, तुमच्या घरी जी सदा वाढत असते, तिला घेऊन या. चहा आम्ही करू. 'पुन्हा केव्हातरी' म्हणू नका.