लेनर्ड चेशायर : एका सैनिकाचे उत्तरायुष्य



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगारकायद्यावर काही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती. शाळा आमची सातवीत सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर झाले. असा माणूस दुसरे काय बोलणार? पण आज आम्ही एका इंग्रज सैनिकाविषयी बोलणार आहोत. धर्माने तो कॅथलिक ख्रिस्ती, पेशाने बाँबफेकी विमानाचा वैमानिक. आमचा ना त्याच्या धर्माशी संबंध, ना पेशाशी. तरी त्याची आठवण दर्यापुरात का काढावी, ते आधी सांगितले पाहिजे.

तीसेक वर्षांमागची गोष्ट. एका प्रेसमध्ये रुईची गाठ एका हमालाच्या अंगावर आली. गाठ म्हणजे काय, हे या गावात सांगायला नको. एकशेसत्तर किलोचा तो दगडच. कमरेखालचे शरीर लुळे पडले. इस्पितळात काही आठवडे ठेवून घेतले आणि मग, येथे करण्यासारखे काही उरले नाही, घरी न्या, असे सांगण्यात आले. आम्ही दावा लावला. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला परिशिष्ट होते, त्यात माणसाच्या अवयवांचा हिशेब मांडलेला होता. अंगठा गेला तर तीस टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के. या हमालाचे शंभर टक्के धरले गेले. तीन वर्षे हेलपाटे घातले. शकुंतला तेव्हा धावत होती. बनोशाच्या स्टेशनावरून मूर्तिजापूर आणि तेथून पुढे, असे किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. अखेर निकाल लागला. आम्ही पेढे घेऊन त्याच्या गावी गेलो. तो गोठ्याच्या कडेला बाजेवर पडला होता. त्याने निकाल ऐकून घेतला आणि म्हणाला, "भाऊ, पैसे आले, बरं झालं. पन मले उचलून उनात बसवाले कोनी नाई जी."

बायको मजुरीला जाई, म्हातारीच्याने तो उचलत नसे. मंडळी, आम्ही शंभर टक्के जिंकून आलो होतो आणि आमच्यापाशी या एका वाक्याला उत्तर नव्हते. पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

त्यानंतर काही वर्षांनी रद्दीत एक इंग्रजी पुस्तक हाती आले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचले, आणि लेनर्ड चेशायर हा माणूस आम्हांला भेटला.

त्याचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा, चेस्टर गावचा. बाप कायद्याचा नामांकित प्राध्यापक. मुलगा ऑक्सफर्डला कायदाच शिकला, पण वागण्यात उधळा. वेगाने मोटारी हाकाव्यात, पैजा माराव्यात, कर्ज करावे. देवाधर्माशी फारसे देणेघेणे नाही. विद्यापीठात असतानाच तो विमान चालवायला शिकला. १९३९ साली युद्ध सुरू झाले आणि या उधळ्या पोराला जणू आपले काम सापडले. १९४० च्या नोव्हेंबरात कलोन शहरावरील मोहिमेत त्याचे विमान तोफेच्या गोळ्याने फुटले, आत आग लागली. तशा विमानातून त्याने आपले सोबती परत आणले. पंचविसाव्या वर्षी तो ग्रुप कॅप्टन झाला; त्या दलात त्या पदाचा इतका तरुण अधिकारी दुसरा नव्हता. पण ते पद त्याला मैदानापासून दूर ठेवी, म्हणून आपण होऊन खालचा हुद्दा पत्करून तो १९४३ च्या अखेरीस ६१७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा प्रमुख झाला. जर्मनीची धरणे फोडल्यामुळे गाजलेली तुकडी ती हीच.

तेथली एक हकीकत आम्ही प्रत्येक कामगारसभेत सांगत आलो आहोत. फ्रान्स त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होता. लिमोज गावी विमानाची इंजिने बनवणारा कारखाना होता आणि रात्रपाळीला फ्रेंच कामगार, त्यांत पुष्कळशा बायका, राबत होते. १९४४ च्या फेब्रुवारीत हा कारखाना उडवण्याचा हुकूम झाला. चेशायरने काय करावे? त्याने आपले अवजड विमान अगदी छपरांलगत आणले आणि कारखान्यावरून एकदा, दोनदा, तीनदा नेले. हेतू हा की, खालच्या माणसांनी ओळखावे आणि पळून जावे. चौथ्या फेरीला त्याने खुणेचे जळते बाँब टाकले. आकाशात तीन वेळा तेच विमान त्याच वाटेने नेणे म्हणजे शत्रूच्या तोफांना तीन वेळा आमंत्रण. तरी त्याने ते केले. आमच्या अनुभवात काही जागी यंत्र सुरू करण्यापूर्वी साधी शिट्टीसुद्धा वाजवली जात नाही. शत्रूच्या कारखान्यातल्या अनोळखी मजुराला पळायला वेळ देणारा हा बाँबवाला आम्हांला म्हणूनच जवळचा वाटतो.

एकूण एकशेदोन मोहिमा त्याने पार पाडल्या. १९४४ च्या सप्टेंबरात त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा सन्मान बहुधा एखाद्या एकाच पराक्रमासाठी देतात. चेशायरला तो चार वर्षे सतत मृत्यूच्या तोंडी जाऊन पुन्हा उभे राहण्यासाठी मिळाला. आणि मग ९ ऑगस्ट १९४५. नागासाकीवर अणुबाँब पडला, तेव्हा ब्रिटनचा निरीक्षक म्हणून तो दुसऱ्या विमानात होता. त्याचे विमान ठरल्या जागी पोहोचले नाही, म्हणून त्याने तो ढग दुरून पाहिला.

येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. तो ढग पाहून चेशायर शांतिवादी झाला, बाँबचा धिक्कार करू लागला, असे पुष्कळ जण समजतात. तसे झाले नाही. त्या बाँबने युद्ध थांबले आणि पुष्कळ प्राण वाचले, या मतावर तो कायम राहिला. आम्हांला ते पटत नाही. नागासाकीतली माणसेही लिमोजच्या मजुरांसारखी कामावर निघालेली माणसेच होती, आणि त्यांच्यावरून कोणी तीन फेऱ्या मारल्या नाहीत. पण ज्याची आठवण काढायची त्याचे न पटणारे मत झाकून ठेवणे, ही त्याची पूजा होईल, आठवण होणार नाही.

युद्ध संपले, १९४६ साली तो सैन्यातून निघाला आणि तऱ्हेतऱ्हेच्या योजनांत बुडाला. माजी सैनिकांनी कुटुंबांसह एकत्र राहावे, मिळून कमवावे, अशी एक वसाहत त्याने काढली. ती कर्जात गेली, माणसे पांगली. उरले ते हॅम्पशायरमधले ली कोर्ट नावाचे मोठे, रिकामे घर. १९४८ साली इस्पितळातून निरोप आला. आर्थर डाइक्स नावाचा त्या वसाहतीतला एक माणूस कर्करोगाने मरणपंथाला लागला आहे. आमच्याकडे उपाय नाही, खाट हवी आहे, त्याला जायला घर नाही. श्रोतेहो, हे शब्द आम्ही वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. हे आम्ही ऐकलेले होते.

फरक एवढाच की, चेशायरने आर्थरला घरी आणले. नोकर नाही, परिचारिका नाही, पैसा नाही. एकशेदोन मोहिमांचा हा वीर त्याचे अंथरूण बदलू लागला, त्याला पुसू लागला, भरवू लागला. आर्थर कॅथलिक होता. ऑगस्टात तो वारला. त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, चेशायर कॅथलिक पंथात आला आणि मरेपर्यंत निष्ठेने त्यातच राहिला. त्याची श्रद्धा अंथरुणाशेजारी उगवली, हे आम्हां धर्मकार्यापासून दूर राहिलेल्यांनाही समजू शकते. एक आर्थर गेला, पण दुसरे येऊ लागले. ली कोर्ट भरले, मग दुसरे घर, तिसरे घर. १९५२ साली त्याला स्वतःलाच क्षयाने गाठले. दोन वर्षे तो सॅनेटोरियममध्ये होता. खाटेवर पडून राहणे काय असते, ते तो तेथे शिकला.

आता आपला संबंध. परदेशांत हे काम सुरू करावे असे ठरले, तेव्हा तो आला तो थेट मुंबईस. १९५६ साली अंधेरीला हिंदुस्थानातले पहिले चेशायर होम उभे राहिले. त्याच मुंबईत, कॅथलिक कॅथेड्रलात, ५ एप्रिल १९५९ रोजी त्याचे लग्न लागले. पहिला विवाह युद्धकाळातला, तो टिकला नव्हता. ही वधू म्हणजे स्यू रायडर. युद्धात तिने पोलंडच्या गुप्त सैनिकांबरोबर काम केले होते आणि नंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांची सेवा आरंभली होती. त्याच वर्षी दोघांनी मिळून डेहराडूनजवळ राफाएल ही संस्था काढली. कुष्ठरोगी, मंदबुद्धीची मुले, क्षयरोगी यांच्यासाठी. एक मुलगा, एक मुलगी झाली. संसार कोठे मांडला? सफोकमधल्या कॅव्हेंडिश गावी, स्यूच्या आश्रमातच, दोनचार खोल्यांत. मुले आजाऱ्यांच्या शेजाराने वाढली. पुढे नवराबायको दोघेही लॉर्डांच्या सभागृहात गेली, स्यू १९७९ साली आणि लेनर्ड १९९१ साली. पण घर तेच राहिले. ३१ जुलै १९९२ रोजी, स्नायू एकेक करून निकामी करणाऱ्या आजाराने तो वारला. शेवटी त्याचेही हातपाय दुसऱ्यानेच हलवावे लागले. तोवर त्याची घरे सुमारे पन्नास देशांत पोहोचली होती.

येथेच व्याख्यान संपवले असते, तर तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेला असता. पण आम्ही पडलो युनियनची माणसे. आम्ही विचारणार की, त्या घरांत राहणाऱ्यांचे म्हणणे काय होते? ते म्हणणे इतिहासात नोंदलेले आहे. ली कोर्टमध्येच पॉल हंट नावाचा तरुण राहत होता. त्याने व त्याच्या सोबत्यांनी विचारले की, आम्ही कधी झोपावे, कधी उठावे, हे दुसऱ्याने का ठरवायचे? कारभारात आमचा शब्द का नसावा? व्यवस्थापनाशी त्यांचे खटके उडाले. १९७२ साली हंटने वर्तमानपत्रात पत्र लिहून अपंगांना संघटित होण्याची हाक दिली आणि त्यातून अपंगांची स्वतःची संघटना उभी राहिली. त्यांचे सूत्र असे की, पाय लुळे असणे ही शरीराची गोष्ट. पण त्याला घराबाहेर पडता येत नाही, ही समाजाची करणी. आपल्याकडे १९९५ चा आणि मग २०१६ चा कायदा झाला, सरकारी नोकरीत चार टक्के जागा आल्या, त्यामागे हाच विचार आहे.

मग चेशायर चुकला काय? आम्ही पुष्कळ वर्षे दया आणि हक्क यांची तुलना करून हक्काच्या बाजूने बोललो. आजही बोलतो. दयेच्या घरात दार उघडणारा मालक असतो, हे हंटचे म्हणणे खरे आहे. पण हंटने ज्या छपराखाली राहून प्रश्न विचारले, ते छप्पर आर्थरला आत घेतल्याने उभे राहिले होते, हेही खरे. आधी माणूस उन्हात बसला पाहिजे. मग तो आपली मागणी सांगेल. आमचा हमाल मागणी सांगेपर्यंत जगला नाही.

आणि हे शिकायला आम्हांला इंग्लंडला जाण्याची गरज नव्हती, याची लाज वाटते. शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा याच मुलखातले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली, म्हणजे ली कोर्टच्या दोन वर्षे आधी, तपोवनात कुष्ठरोग्यांना हक्काचे अंगण दिले आणि काम दिले. परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरोग इस्पितळ आहेच. उदाहरणे शेजारी होती, आमचे लक्ष परिशिष्टाच्या टक्क्यांवर होते.

पुस्तक वाचल्यावर आमच्या युनियनने एक ठराव केला. ज्या कामगाराचा दावा चालवू, त्याच्या घरी दर आठवड्याला दोघांनी पाळीने जायचे. त्याला उठवायचे, अंघोळ घालायची, उन्हात बसवायचे. दोन वर्षे ते चालले. मग हंगाम आले, संप आले, आणि पाळी मोडली. मोडली ती आमच्या हातून, दुसऱ्या कोणाच्या नव्हे. यंदा ती पुन्हा सुरू केली आहे. सध्या यादीत तीन घरे आहेत, दोन बनोशाकडची आणि एक नदीपलीकडचे. पाळीला माणसे कमी पडतात. युनियनचे सभासदच पाहिजेत असे नाही. धर्म, पक्ष, पेशा आम्ही विचारत नाही. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. ज्यांना रविवारी सकाळी तासभर मोकळा असेल, त्यांनी जाताना नाव लिहावे, एवढीच विनंती.