मोटारसायकलचे ऑइल : एक डबा, तीन कामे

आज आपण मोटारसायकलच्या ऑइलविषयी बोलणार आहोत. बी-बियाणे, खते सोडून हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण बघा, पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर जातात ते मोटारसायकलवर. औषधाची बाटली, पंपाचा बिघडलेला भाग, पोराची शाळा, आजाऱ्याचा दवाखाना, सगळे हिच्यावरच. उरण-पनवेलकडून भाजीच्या जुड्या लादून वाशीचा खाडीपूल ओलांडायचा आणि मानखुर्दला उतरायचे, तेही हिच्यावरच. घरातला बैल म्हणा ना!

बैलाच्या खाण्याकडे आपण किती लक्ष देतो! गाडीला मात्र हाताला येईल ते ऑइल ओततो. कधी ट्रॅक्टरचे उरलेले, कधी पंपाच्या इंजिनाचे. त्या दिवशी गाडी चालते, म्हणून वाटते की भागले. मग काही महिन्यांत क्लच घसरू लागतो, इंजिन खडखडते आणि ऐन हंगामात गाडी गॅरेजला लागते. ऑइलचा डबा काही शे रुपयांचा, पण इंजिन उघडायचे म्हटले की खर्च हजारांत जातो. शिवाय खाडे होतात ते वेगळेच.

मग ऑइला-ऑइलात फरक तो काय? तोही समजून घेऊ. मानखुर्दपासून जवळच, माहुलला, हिंदुस्थान पेट्रोलियमचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. १९५४ साली तो सुरू झाला तेव्हा तो परदेशी कंपनीचा होता. १९६९ साली तेथे वंगण तेलाची रिफायनरी निघाली आणि १९७४ साली हे सारे सरकारी मालकीचे झाले. खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतले की खाली जड भाग उरतो. तो पुन्हा गाळून, त्यातले मेण काढून जे तेल मिळते ते मूळ तेल. ट्रॅक्टरचे ऑइल काय, मोटारीचे काय अन् मोटारसायकलचे काय, बहुतेक अशाच मूळ तेलापासून होते. पुढे त्यात कामाप्रमाणे वेगवेगळी द्रव्ये मिसळतात. खरा फरक पडतो तो येथे.

आपल्या गोठ्यातलेच उदाहरण घ्या. धान्य घरचेच, पण दुभत्या म्हशीचे आंबोण वेगळे आणि कामाच्या बैलाचे वेगळे. ट्रॅक्टरचे ऑइल वाईट नाही हो, ते दुसऱ्या जनावराचे आंबोण आहे, इतकेच.

आता मोटारसायकलचे काम काय ते पाहू. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक गाड्यांचा जमाना सुरू झाला. आजच्या जवळजवळ सगळ्या गिअरच्या मोटारसायकली याच जातीच्या. यांच्यात इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच ऑइल असते. इंजिनात त्याने पिस्टनला वंगण द्यायचे, उष्णता वाहून न्यायची आणि काजळी धुवायची. गिअरच्या दातांमध्ये ते चिरडले जाते, तरी टिकले पाहिजे. क्लचच्या प्लेटीही त्यातच भिजत असतात, आणि त्यांनी तर एकमेकींना घट्ट धरायचे असते. म्हणजे तेल दातांवर निसरडे हवे, पण प्लेटींवर फार निसरडे नको. मोटारसायकलसाठी वेगळे ऑइल करावे लागते, त्याचे मुख्य कारण हेच.

मोटारींच्या पुष्कळ ऑइलांत पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घालतात. मोटारीचा क्लच कोरडा, त्याला ऑइल लागत नाही, म्हणून तिथे ते चालते. तेच मोटारसायकलमध्ये घातले तर प्लेटी घसरतात. रेस वाढते, इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. रिकाम्या गाडीला ते जाणवणार नाही. पोती लादून चढ चढताना, किंवा मानखुर्दच्या नाक्यावर अर्ध्या क्लचवर पावला-पावलाने सरकताना बरोबर जाणवेल.

तेव्हा मंडळी, डबा हातात घेतला की त्यावरच्या तीन गोष्टी वाचा.

पहिली, जाडपणाचा आकडा. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असा तो असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या अलीकडचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. हा आकडा जितका लहान तितके पहाटे किक मारल्यावर ऑइल लवकर वर चढते. पलीकडचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते ते सांगतो. जाड ते चांगले, असा पुष्कळांचा समज आहे. तो काही खरा नाही. नव्या इंजिनांच्या वाटा अरुंद असतात, तिथे जाड ऑइल उशिरा पोहोचते आणि पेट्रोलही जास्त जाते. उलट, जिला २०डब्ल्यू-५० सांगितले आहे तिला पातळ घातले तर तापल्यावर आधार अपुरा पडतो. म्हणून गाडीच्या पुस्तकात असेल तोच आकडा घ्या.

दुसरी, जासो ही खूण. जपानच्या संस्थेने भिजलेल्या क्लचसाठी ठरवलेली ही कसोटी आहे. त्यापुढे एमए, एमए-१ किंवा एमए-२ असेल तर ऑइल क्लचला धरून आहे असे समजा. पुस्तकात एमए-२ म्हटले असेल तर एमए-२ च घ्या. एमबी असेल तर ते गिअरच्या मोटारसायकलला नको. ते बिनगिअरच्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा असतो.

तिसरी, एपीआय हा दर्जा. एस पासून सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनाची आणि सी पासूनची डिझेलची. एसजे, एसएल, एसएन यांत पुढचे अक्षर नव्या दर्जाचे. पुस्तकातल्यापेक्षा पुढचा दर्जा मिळाला तर हरकत नाही, पण जासोची खूण हवीच.

आता काही गाड्यांची तऱ्हा वेगळी आहे. बिनगिअरच्या स्कूटरला इंजिनाचे ऑइल वेगळे आणि मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचे वेगळे. हे दुसरे अगदी थोडे लागते आणि म्हणून विसरले जाते. जुनी राजदूत, येझदी किंवा बजाजची जुनी स्कूटर अजून कोणी सांभाळून असेल, तर ती टू-स्ट्रोक. तिचे टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचे आणि गिअरपेटीत वेगळे ऑइल घालायचे. मिसळण्याचे माप सोडू नका. कमी पडले तर पिस्टन अडकेल, जास्त झाले तर धूर आणि काजळी. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये तर इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेन यांची घरे तीन आणि ऑइलही तीन ठिकाणी पाहायचे.

ट्रॅक्टरच्या गिअरचे नव्वद नंबरचे ऑइल किंवा हायड्रॉलिकचे ऑइल मोटारसायकलच्या इंजिनात कधीही ओतू नका. डिझेल इंजिनाच्या डब्यावर जासो एमए लिहिलेले नसेल तर तेही नको. घर्षण कमी करतो म्हणून वेगळी बाटली कोणी विकत असेल, तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

चांगले ऑइल घातले तरी ते पाहायला हवे. पंधरा दिवसांतून एकदा गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर लावा. थोडी चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. पट्टी पुसून घाला, बाहेर काढा आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे ना ते बघा. पुष्कळ गाड्यांत ही पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, हे पुस्तकात पाहून घ्या. कमी ऑइल वाईट, तसे वरच्या खुणेपलीकडचेही वाईट. ऑइल काळे झाले म्हणजे बिघडलेच असे नाही, काजळी धुतल्याने ते काळे होते. पण दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली असेल तर हे जरूर बघा. पांढरट ऑइलवर गाडी चालवू नका, लगेच बदला. एरवी पुस्तकातल्या किलोमीटरला बदला. धुळीच्या रस्त्यावर आणि ओझ्यावर चालणाऱ्या गाडीचे थोडे आधीच बदललेले बरे.

डबा ओळखीच्या दुकानातून घ्या. सील आणि तारीख पाहा. रिकामा डबा कापून टाका, म्हणजे त्यात कोणी बनावट माल भरणार नाही. काढलेले जळके ऑइल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते पाणी आणि माती दोन्ही नासवते. जनावराच्या जखमेला तर ते मुळीच लावू नका. डब्यात साठवून, जुने ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

थोडक्यात काय, तर दुकानात जाताना गाडीचे पुस्तक बरोबर न्या. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात आकडा आणि खूण विचारून घ्या आणि टाकीच्या झाकणामागे किंवा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नाव कुठल्याही कंपनीचे असो, आकडा आणि खूण जुळली पाहिजे. आंबोण ज्या जनावराचे, त्याच्याच पुढे ठेवा. मग ते कामात मागे हटणार नाही.