मिरची विकणारे तुकोबा

खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ साजगाव-ताकई इथं विठोबाचं देऊळ आहे. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात आणि बोंबल्या विठोबाही. कार्तिकी एकादशीला इथं जत्रा भरते. टाळ-मृदंगाच्या शेजारीच सुक्या मासळीचे ढीग लागतात.

तुकोबा घाट उतरून इथं मिरची विकायला आले होते, अशी या भागातली श्रद्धा. कोकणातल्या त्या मिरचीविक्रीची कथा संतचरित्रकार महिपतींनीही सांगितली आहे. तुकोबा नामात दंग, तराजू गिऱ्हाइकांच्याच हाती! ज्यानं त्यानं हवी तेवढी मिरची नेली, पैसे मात्र दिले नाहीत. मग देवानंच माणसाचं रूप घेऊन वसुली केली.

चमत्कार क्षणभर बाजूला ठेवू. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, थोरली बायको अन्नान्न करत गेली. अशा माणसानं सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. त्यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची खतं. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्यांनी आधीच वेगळा काढून दिला होता.