इंग्रजींत ओळख करून देण्याची रीत

(खेड्यांतील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यांत एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



मी कांहीं विलायतेस जाऊन आलेला विद्वान् नव्हे. माझें सारें शिक्षण मराठींत झालें, मास्तरकीचे धडेही मराठींतच घेतले. इंग्रजी मी मागाहून, गरजेपोटीं, ठेंचा खात शिकलों. म्हणूनच या विषयावर दोन शब्द बोलण्याचें धाडस करतों. ज्याला ठेंच लागली त्याला वाटेंतला धोंडा ठाऊक असतो.

विषय दिसावयास लहान आहे. दोन अनोळखी माणसांची इंग्रजींत ओळख कशी करून द्यावी, एवढाच. पण आपलीं मुलें परीक्षा पास होऊन शहरांत जातात आणि मुलाखतीला किंवा कचेरींत पहिल्याच वाक्याला त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. विद्या पोटांत असते, पण तोंड उघडत नाहीं. समोरच्याला वाटतें, पोरगें ठोंब्या आहे. तेव्हां हा प्रश्न भाकरीचा आहे. तो अब्रूचाही कसा आहे, तें शेवटीं सांगतों.

प्रथम स्वतःची ओळख. आपलीं मुलें 'मायसेल्फ गणपत' असें म्हणतात. हें इंग्रजी नव्हे. 'आय ॲम गणपत' किंवा 'माय नेम इज गणपत', एवढें सरळ म्हणावें. आपल्या नांवामागें आपणच 'मिस्टर' लावूं नये. आपण आपल्याला 'गणपतराव' म्हणवून घेत नाहीं, तसेंच हें. 'मिस्टर' दुसऱ्यानें लावावयाचें, आणि तेंही आडनांवाला. 'मिस्टर जाधव' बरोबर, 'मिस्टर गणपत' चूक. उलट इंग्लंडांत ज्याला 'सर' ही पदवी मिळते, त्याच्या पहिल्या नांवाला ती लागते. आयझॅक न्यूटन या शास्त्रज्ञाला 'सर आयझॅक' म्हणावयाचें, 'सर न्यूटन' नव्हे.

बायकांच्या नांवाला पूर्वी कुमारिका असल्यास 'मिस' व लग्न झालेलें असल्यास 'मिसेस' लावीत. 'मिस्टर' म्हटल्यानें पुरुषाचें लग्न झालें कीं नाहीं तें कळत नाहीं, मग बाईनेंच तें नांवाबरोबर कां सांगत फिरावें, असा सवाल तिकडच्या बायकांनीं केला. १९७२ सालापासून अमेरिकेंत 'मिझ' याच नांवाचें बायकांचें मासिक निघूं लागलें, आणि तो शब्द पुढें चांगलाच रुळला. बाई स्वतः कांहीं निराळें सांगत नसेल तर 'मिझ' म्हणावें. त्यांत चूक होत नाहीं.

आतां दोघांची ओळख करून देणें. याचें मर्म एका वाक्यांत सांगतों: ज्याचा मान मोठा, त्याला आधीं हांक मारावी आणि दुसऱ्याचें नांव त्याच्या कानावर घालावें. वयानें लहान असेल त्याची ओळख वडिलाला करून द्यावी. कचेरींत हाताखालच्याची ओळख वरिष्ठाला. पण बाहेरचा पाहुणा किंवा गिऱ्हाईक आलें असेल तर मान त्याचा. जुन्या रिवाजाप्रमाणें पुरुषाची ओळख बाईला करून देत. अमेरिकेंतील एमिली पोस्ट या बाईनें १९२२ सालीं शिष्टाचारावर मोठें पुस्तक लिहिलें, त्यांतही हाच क्रम दिला आहे. समजा, वडीलधाऱ्या जाधवबाईंना तरुण पवारांची ओळख करून द्यावयाची आहे. तेव्हां म्हणावें, 'मिसेस जाधव, मे आय इंट्रोड्यूस मिस्टर पवार?' ही झाली दरबारी रीत. मित्रामित्रांत एवढा थाट नको. 'धिस इज माय फ्रेंड गणपत' म्हटलें कीं काम झालें.

ओळख झाल्यावर काय बोलावें? दरबारी रीतीनें 'हाऊ डू यू डू' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतें, प्रकृतीची चौकशी चालली आहे, आणि तो बिचारा आपलें गुडघेदुखीचें पुराण लावतो! हा प्रश्नच नव्हे. त्याचें उत्तर पुन्हां 'हाऊ डू यू डू' हेंच. आपण 'रामराम' म्हणणाऱ्याला उलट 'रामराम' म्हणतों, तसा हा इंग्रजी रामराम समजा. मात्र 'हाऊ आर यू' असें विचारलें तर 'फाइन, थँक यू' असें उत्तर द्यावें. साध्या भेटींत 'हॅलो, नाइस टु मीट यू' पुरे होतें. हा 'हॅलो' शब्दही टेलिफोनबरोबरच घरोघर गेला. टेलिफोनवाल्या बेल साहेबाला खलाशांची 'अहॉय' ही हांक पसंत होती; एडिसननें १८७७ सालीं 'हॅलो' सुचविला, आणि तोच टिकला.

बसलेले असाल तर उठून उभे राहा. समोरच्याकडे पाहा, जमिनीकडे नको. त्यानें हात पुढें केला तर उजवा हात द्यावा. नांगराची मूठ धरल्यासारखा आवळूं नये, मेलेल्या माशासारखा ढिलाही सोडूं नये. नमस्कार करावासा वाटला तर खुशाल दोन्ही हात जोडावे. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

एक गंमत सांगतों. माझ्या वर्गांतल्या एका मुलानें वहींत लिहिलें, 'दे आर माय फादर.' वर्ग हंसला. मी म्हणालों, हंसूं नका, पोरानें बापाचा मान राखला आहे. मराठींत आपण 'ते माझे वडील' म्हणतों, म्हणून त्यानें इंग्रजींतही अनेकवचन घातलें. पण इंग्रजींत आदरार्थी अनेकवचन नाहीं. राजालाही 'ही' आणि कुंभारालाही 'ही'. तसेंच समोरच्याला 'यू' म्हणावयाचें. मग तो कलेक्टर असो कीं कोतवाल. 'अरे' म्हणूं कीं 'अहो' म्हणूं, हा पेंच तेथें पडत नाहीं.

पण असें पहिल्यापासून नव्हतें. इंग्रजींतही एके काळीं 'दाऊ' म्हणजे 'तूं' असा शब्द होता. मोठ्याला 'यू' आणि गरीबाला 'दाऊ', असा भेद चाले. सतराव्या शतकांत जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथाच्या लोकांनीं लहान-मोठा न पाहतां सर्वांनाच 'दाऊ' म्हणावयास सुरुवात केली, आणि मोठ्यांपुढें टोपी काढण्याचेंही नाकारलें. त्यापायीं त्यांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगला. पुढें बोलण्यांतून 'दाऊ' गेला आणि सर्वांनाच 'यू' उरला. 'मिस्टर' शब्दाचीही तीच कथा. तो मूळचा 'मास्टर', म्हणजे धनी. त्या काळीं तो बड्या घरच्यांनाच मिळे. साध्या शेतकऱ्याला 'गुडमन' म्हणून बोळवीत. धन्याचा हा शब्द सुतार-लोहाराच्या नांवापर्यंत यावयास कित्येक पिढ्या गेल्या. तेव्हां कोणी तुम्हांला 'मिस्टर' म्हटलें तर संकोचून मान खालीं घालूं नका.

आणि आतां माझी गोष्ट. ही सांगावयास मला लाज वाटते. पण तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतों.

मी मास्तरकीचें शिक्षण घेत होतों तेव्हांची ही हकीकत. माझे वडील गांवचे सुतार. नांगर, कुळव, पाभर घडवून त्यांनीं मला शिकविलें. एके दिवशीं ते भाकरीचें गांठोडें घेऊन मला भेटावयास आले. धोतर, फेटा, पायांवर धूळ. त्याच वेळीं बाहेरगांवचे एक इंग्रजी बोलणारे पाहुणे विद्यालय पाहत तेथें आले. त्यांनीं हंसून मला विचारलें, 'हू इज ही?' मला इंग्रजी येत नव्हतें असें नाहीं. 'फादर' हा शब्द तर पहिल्या पुस्तकांतला. पण माझ्या तोंडून निघालें, 'ही इज फ्रॉम माय व्हिलेज, सर.' पाहुण्यांनीं मान हलविली व ते पुढें गेले.

वडिलांना इंग्रजी अक्षर येत नव्हतें. संध्याकाळीं एस.टी.च्या थांब्यावर ते म्हणाले, "सायबाला माझं काय सांगितलंस रं?"

मी म्हणालों, "गावाकडचे आहेत म्हणून सांगितलं, आबा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खोटं न्हाई त्यात. गावचाच हाय मी." आणि गाडी आली म्हणून उठले.

मंडळी, इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीनें माझ्या त्या वाक्यांत एकही चूक नव्हती. पण तेवढें चुकीचें वाक्य मी जन्मांत दुसरें बोललों नाहीं. आज आबा नाहींत. तें वाक्य सुधारून घ्यावयास मला जागा उरली नाहीं, म्हणून येथें तुमच्यापुढें सुधारतों: 'सर, मे आय इंट्रोड्यूस माय फादर? ही इज अ कारपेंटर. ही मेक्स प्लाऊज.' एवढीं तीन वाक्यें. शेवटचें कामाचें वाक्य विसरूं नका, कारण त्यानें समोरच्याला बोलावयास धागा मिळतो. आणि ओळखीला दोन बाजू असतात. साहेबाला इंग्रजींत सांगून झालें कीं वडिलांकडे वळून मराठींत सांगा, 'आबा, हे आमचे पाहुणे, शाळा पाहायला आलेत.' नाहींतर दोघे बोलतात आणि तिसरा खांबासारखा उभा राहतो. ती ओळख नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, हीं तीन वाक्यें आज रात्रीं घरीं जाऊन आपापल्या आईबापांच्या नांवानें मोठ्यानें म्हणा. शेतकऱ्याच्या मुलानें 'फार्मर' म्हणावें, कुंभाराच्या मुलीनें 'पॉटर' म्हणावें. त्यांनाही अर्थ समजावून सांगा. आणि पालकहो, मुलगा शहरांत आपल्या कचेरींत घेऊन गेला तर दाराआड उभे राहूं नका. तो तुमची ओळख करून देईल, तेव्हां हात पुढें करा. त्या हाताला घट्टे असतील, असूं द्या. त्या घट्ट्यांवरच तो तेथवर पोंचला आहे.