वाटीचं माप, काट्याचं वजन

दिवाळीच्या ऑर्डरी यायला लागल्या, की गटागटांत चकलीची भाजणी सुरू होते. म्हणून आज वाटी आणि वजनकाट्याबद्दल बोलूया.

आपल्या आज्या-पणज्या पायली, अधोली, मापटं, चिपटं अशा मापांनी धान्य मोजत. देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, पण स्वयंपाकघरात वाटी राहिली. घरच्यापुरती ती चांगलीच आहे. सगळं एकाच वाटीने घेतलं की प्रमाण चुकत नाही. अडचण येते ती विकायला काढल्यावर. दुकानदार डाळ किलोवर देतो, गिऱ्हाईक भाजणी किलोवर मागतं आणि मधे आपण वाटीने मोजत बसतो. मग खर्च किती आला, तेच कळत नाही.

वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. ज्या वाटीत २०० ग्रॅम पाणी मावतं, तिच्यात तांदूळ साधारण १७० ग्रॅम बसतात, धणे त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. पिठाचं तर विचारूच नका. चाळून अलगद भरलं तर १०० ग्रॅमच्या आसपास, दाबून भरलं तर बरंच जास्त. तेलाचंही तसंच. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, ते साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं.

म्हणून एकदाच एक काम करा. गटाची एक वाटी ठरवा. ती रिकामी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. मग जिन्नस भरा, वर शीग ठेवू नका, सुरीच्या पाठीने सपाट करा आणि वजन बघा. असं तीनदा करा, तिन्हींची बेरीज करून तीनने भागा. आलेला आकडा वहीत लिहा. माझे आकडे उतरवून घेऊ नका. तुमची वाटी वेगळी, तुमचे तांदूळ वेगळे.

आता भाजणी बघू. समजा ४ वाट्या तांदूळ ६८० ग्रॅम भरले, २ वाट्या हरभरा डाळ ३२० ग्रॅम, उडीद डाळ आणि मूग डाळ एकेक वाटी म्हणून १७०-१७० ग्रॅम, धणे ३५ आणि जिरे २५ ग्रॅम. एकूण झालं १,४०० ग्रॅम. पण पीठ तेवढं मिळत नाही. भाजताना ओल उडते, थोडं गिरणीत राहतं. म्हणून दळून आल्यावर पुन्हा वजन करा. समजा १,३०० ग्रॅम भरलं. म्हणजे साडेसहा किलोची ऑर्डर आली तर सगळं पाचपट घ्यायचं: तांदूळ ३ किलो ४००, हरभरा डाळ १ किलो ६००, उडीद आणि मूग ८५०-८५० ग्रॅम, धणे १७५, जिरे १२५. अर्ध्या किलोच्या १३ पिशव्या होतील. खर्च काढताना मात्र ७ किलो जिन्नस धरायचा, शिवाय गिरणी, गॅस, पिशव्या आणि आपली मजुरी. साडेसहा किलोचाच हिशोब धरला, तर अर्ध्या किलोचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

पिशवी भरतानाही डबा नको, काटाच हवा. ताजं दळलेलं पीठ फुगलेलं असतं. त्याच डब्याने भरलेली पिशवी कधी ४५० ग्रॅमची निघते, कधी ५२० ची. कमी भरली तर गिऱ्हाईक तुटतं आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे. जास्त भरली तर कष्ट फुकट. पिशवीवर छापायचं ते आतल्या मालाचं वजन, पिशवीचं त्यात धरायचं नाही. आणि विक्रीसाठी वापरायचा काटा वैधमापन विभागाकडून तपासून, शिक्का मारून घेतलेला असावा.

पुढच्या बैठकीला काटा, वाटी आणि वही बरोबर न्या. भाजणी, मसाला, लाडू, जे विकता त्याचा एकेक जिन्नस मोजा. तासाभराचं काम आहे. ती वही गटाच्या पेटीत ठेवा, म्हणजे मोजणारी बाई बदलली तरी चव आणि हिशोब बदलणार नाही.