वेबसाइट घेताना थोडी माया सोडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला वेबसाइटीवर बोला म्हणून सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही संगणकशास्त्र शिकलेली बाई नव्हे. माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा व्यवसाय नक्षीकामाचा. लग्नमुंजीच्या पत्रिका, घरगुती मसाल्यांच्या नि लोणच्यांच्या बाटल्यांवर लावावयाची लेबले, दुकानांच्या पाट्यांची अक्षरे, असे आमचे काम. पण कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्ही ठेच खाल्लीत ना? मग तीच सांगा." तेव्हा ठेचेपासूनच सुरुवात करते.

२०१४ साली माझे धाकटे दीर अकस्मात गेले. मुलगा चौथीत. जावेने शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिलेल्या, हात चांगला. एवढ्या भांडवलावर आम्ही दोघींनी पत्रिका करावयास घेतल्या. हिशेब माझ्याकडे, रेषा तिच्याकडे. दोन वर्षांनी ओळखीतल्या एका गृहस्थांनी अगदी थोड्या पैशांत वेबसाइट करून दिली. आम्ही त्यांना घरी जेवावयास बोलावले, श्रीखंड केले. नाव कोणाच्या नावावर घेतले आहे, जागेचे भाडे कोठे भरावयाचे, हे विचारणे आम्हांला त्या वेळी उद्धटपणाचे वाटले!

पुढे ते परदेशी नोकरीस गेले. नाव नि जागा दोन्ही त्यांच्याच नावावर असल्यामुळे मुदत संपल्याच्या सूचना त्यांच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, आणि तो ईमेल ते पाहात नव्हते. २०२२ च्या दिवाळीनंतर, तुळशीचे लग्न होऊन पत्रिकांची घाई सुरू व्हावयाची, नेमके तेव्हा आमचे पान उघडेना. आम्हांला वाटले, घरचे इंटरनेट बिघडले आहे. त्यांचा पत्ता लागेपर्यंत मुदतीनंतरची सवलतही उलटली होती आणि ते नाव कोणा भलत्यानेच घेतले होते. आजही ते उघडले तर जाहिराती दिसतात. सहा वर्षे आम्ही जे नाव पत्रिकेच्या पाठीवर, लेबलाच्या कोपऱ्यात छापीत होतो, ते दुसऱ्याच्या दारावर! त्या मोसमात निम्मे काम गेले. मुलाच्या बारावीच्या क्लासची फी भरावयाची होती. जावेने पाटल्या मोडल्या. मला तिने हे चार महिन्यांनी सांगितले.

कामाची जुनी छायाचित्रेही त्या वेबसाइटीवरच होती. इंटरनेट आर्काइव्ह नावाची एक संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबसाइटींच्या प्रती साठवीत आली आहे. तिच्या संग्रहात आमची एकतीस चित्रे सापडली. लहान आकाराची, पण सापडली.

आता दुसऱ्या खेपेची गोष्ट. या वेळी आम्ही आधी नीट समजून घेतले. वेबसाइट ही एकच वस्तू नसते. नाव, म्हणजे डोमेन, हे वेगळे. ते वर्षावर्षाच्या बोलीने नोंदवावे लागते. जागा, म्हणजे होस्टिंग, ही वेगळी. आणि ज्या साधनाने पाने रचावयाची, ज्याला मुले 'प्लॅटफॉर्म' म्हणतात, ते तिसरे. काही कंपन्या हे तिन्ही एकत्र देतात, म्हणून आपला घोटाळा होतो. नाव मात्र पहिल्या दिवशी, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या पैशांनी घ्यावे. '.इन' घ्या की '.कॉम' घ्या, देवनागरीत हवे तर २०१४ पासून '.भारत'ही मिळते. नाव आपले असले म्हणजे साधन बदलले तरी पत्रिकेवरचा पत्ता बदलत नाही.

राहिले साधन. जो तो सांगत होता, "आमच्यात तुम्हांला हवे तसे बदलता येते." पण बदलता येते म्हणजे काय? रंग बदलणे, अक्षर बदलणे, चित्र डावीकडचे उजवीकडे नेणे, ही झाली लेस आणि बटणे. ब्लाउज शिवताना जाणती बाई आत माया सोडते, ती आज दिसत नाही. पण तीन वर्षांनी अंग भरले म्हणजे शिवण उसवून ब्लाउज सैल करता येतो. वेबसाइटीत अशी माया आहे की नाही, हे आम्हांला पाहावयाचे होते.

म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही एकच परीक्षा सर्वांना लावली. बारा चित्रे मांडावयाची, मराठीत एक परिच्छेद लिहावयाचा, चौकशीचा अर्ज ठेवावयाचा, फोनवरून एक दर बदलावयाचा. आणि शेवटी सगळे बाहेर काढून नेता येते का ते पाहावयाचे. हा शेवटचा पेपर कोणी घेत नाही, पण निकाल तिथेच लागतो.

विक्स वापरावयास सर्वांत सोपे. बोटाने उचलून कुठेही ठेवा. जाऊ खुश झाली. परंतु संगणकावर सुरेख बसलेली चित्रे फोनवर एकमेकांवर चढली. फोनसाठी मांडणी पुन्हा निराळी लावावी लागली, आणि आमची बहुतेक गिऱ्हाइके फोनवरच पाहतात. एकदा निवडलेला आराखडा पुढे बदलता येत नव्हता, आणि रचलेली पाने जशीच्या तशी दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. स्क्वेअरस्पेसवर चित्रे इतकी देखणी दिसतात, की आपलेच काम आपल्याला थोरामोठ्यांचे वाटू लागते! तिथून मजकूर बराचसा बाहेर नेता येतो, मांडणी मात्र येत नाही. शॉपिफाय हे दुकानाचे साधन. तयार माल टोपलीत टाकून विकावयाचा असेल त्यांना उत्तम. आमची प्रत्येक पत्रिका निराळी, गिऱ्हाइकाशी चार वेळा बोलल्याशिवाय दर ठरत नाही. आम्हांला टोपली काय कामाची?

आम्ही घेतले वर्डप्रेस. २००३ साली निघालेले हे साधन मुक्त आहे. ते कोणा एका कंपनीच्या मुठीत नाही, आणि आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइटी त्यावर चालतात. त्यात एक पेच आहे, तो लक्षात ठेवा. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही त्याच साधनावर तयार जागा भाड्याने देणारी कंपनी. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग' येथून साधन फुकट घेऊन आपण भाड्याने घेतलेल्या कोणत्याही जागेत बसवता येते. आम्ही दुसरी वाट धरली. जागा भारतातल्या कंपनीची घेतली, कारण पैसे रुपयांत आणि यूपीआयने भरता येतात. परदेशी कंपन्यांचे भाडे कार्डातून परस्पर कापले जाईल या भरवशावर राहू नये. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कापणीस आपली आगाऊ नोंदणी लागते. ती नसली तर पैसे जात नाहीत, आणि एक दिवस पान बंद!

वर्डप्रेसमध्ये सुख आहे तसा जाचही आहे. स्वतःच्या घराचे छप्पर गळले तर आपणच वर चढावयाचे. आम्ही हौसेने एकोणीस जोडण्या, म्हणजे प्लगइन, बसवल्या. एक अद्ययावत करताच सगळे पान पांढरेफटक झाले. आदल्या रात्रीची प्रत जपून ठेवलेली होती म्हणून वाचलो. आता सातच जोडण्या ठेवल्या आहेत, आणि दर सोमवारी मी प्रत उतरवून घेते. जशी आधी दुधाचा हिशेब लिहीत असे तशी.

मराठी अक्षरांचे मात्र सर्वत्र सारखेच दुखणे. तयार आराखड्यातली इंग्रजीची ऐटदार अक्षरे देवनागरीला लागूच होत नाहीत. कसलेतरी ओबडधोबड अक्षर येऊन बसते, आणि ल व श हिंदी वळणाचे दिसतात. पाटी रंगवणाऱ्यांच्या वेबसाइटीवर असे अक्षर म्हणजे लाजच की! आम्ही 'टिरो देवनागरी मराठी' हा फुकट मिळणारा फॉन्ट बसवला, तेव्हा जावेच्या जिवाला स्वस्थता आली. साधन घेण्यापूर्वी त्यात आपला फॉन्ट चढवता येतो का, हे अवश्य विचारा.

सर्वांनी वर्डप्रेसच घ्यावे, असे मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या वहिनी रांगोळीचे साचे करतात. त्यांनी गूगलच्या व्यवसाय-नोंदणीबरोबर मिळणारी फुकट वेबसाइट घेतली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. त्यांना दर सोमवारी प्रती उतरवण्याचा उत्साह नाही, नातवंडे सांभाळावयाची असतात. त्यांना मी विक्सच घ्या म्हटले. नाव मात्र त्यांच्याच नावावर घेववले, आणि छायाचित्रांची दुसरी प्रत त्यांच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर, दागिन्यांच्या डब्याशेजारी, ठेववली. पुढे त्यांना हलावयाचे झाले तर पाने नव्याने रचावी लागतील. पण पत्ता आणि चित्रे जागच्या जागी असतील.

जाऊ आज येथे बसली आहे. आपल्याविषयी फार बोलू नका, असे तिने बजावले होते, ते मी मोडलेच. गुरुवारी दुपारी तीननंतर आम्ही दोघी मंडळाच्या खोलीत बसतो. ज्यांना नाव नोंदवून घ्यावयाचे असेल त्यांनी यावे. येताना आपल्या ईमेलचा पासवर्ड मात्र मुलांना विचारून नव्हे, स्वतःला ठाऊक करून घेऊन यावे. गेल्या गुरुवारी तिघीजणी त्यावाचूनच परत गेल्या.